रंगाखालची भिंत

दिवाळीच्या दिवसांत घर पाहायला जाऊ नये, असे आमच्या सासूबाई म्हणतात. त्यात शुभाशुभाचा काही प्रश्न नाही. या दिवसांत सगळ्याच भिंतींनी नवे कपडे घातलेले असतात, एवढेच त्यांचे म्हणणे. मात्र भाडेकरू येणार म्हटले की घरमालकाची दिवाळी मे महिन्यातही होते, हे मला अनुभवाने कळले.

नोकरीनिमित्त बुलढाण्याहून घाटाखालच्या एका गावी बिऱ्हाड हलवायचे होते. तीस वर्षांची, तीन मजली इमारत. आठ बिऱ्हाडे. भिंतींना ताजा पिस्ता रंग. मी सुशिक्षित माणसाला शोभतील असे प्रश्न विचारले : भाडे किती, नळाला पाणी किती दिवसांनी येते, मुलांची शाळा किती लांब. सासूबाई तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारापाशी वाकून पाहत होत्या. “जावईबापू, या दाराला खालून दोनदा रंधा मारलेला दिसतो.”

“म्हणजे आता नीट लागेल!” मी म्हणालो, आणि आम्ही सगळे हसलो.

भाद्रपदात एका रात्री त्याच स्वयंपाकघरात छताचा हातभर लांबीचा तुकडा गॅसच्या ओट्यावर कोसळला. वर गंजलेल्या सळया बरगड्यांसारख्या उघड्या पडल्या. रात्रीचे तीन वाजले होते. पहाटे सहाला त्याच जागी सौ. चहा टाकते. घरमालकांनी येऊन वर पाहिले आणि म्हणाले, “जुनी इमारत आहे सर, प्लास्टर पडायचेच.”

पडले ते प्लास्टर नव्हते. पण हे समजायला मला एका म्हाताऱ्या गवंड्याची शिकवणी धरावी लागली. दुसरे घर शोधताना मी त्यांना बरोबर नेले. मी भिंतीवरून हात फिरवू लागलो, तर ते म्हणाले, “सर, भितीले काय इचारता? इमारत कोन्या पान्यानं बांधली ते इचारा.”

ज्यांना आमचा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग : घाटावर आणि घाटाखाली. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद ही गावे. पुष्कळ ठिकाणी जमिनीखालचे पाणी खारे, म्हणून नावच खारपाणपट्टा. विहिरीच्या अशा पाण्यात कालवलेले काँक्रीट वरून धडधाकट दिसते, पण मीठ आतल्या सळईला गंज चढवते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, आणि ती तो काँक्रीट फोडून घेतो. तेव्हा छताकडे मान वर करून पाहावे. सळईच्या रेषेत सरळ चीर आणि तिच्या कडेला तांबूस डाग असेल, तर त्या खोलीत पाळणा बांधू नये. काठीने ठोकून पाहावे. भद्द आवाज आला की आत पोकळ आहे.

तेच मीठ जमिनीतून ओलीबरोबर विटांत चढते आणि भिंतीला लोणा लागतो. पांढरी बुरशी समजून लोक तो पुसतात. काही घरमालक त्यावर कमरेइतका सिमेंटचा गिलावा मारतात. मग ओल गिलाव्याच्या वर, खांद्याशी डोके काढते. कमरेपर्यंतच नवा गिलावा दिसला, तर तो का केला हे अवश्य विचारावे.

आणि माती! आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर घर तिच्याबरोबर श्वास घेते. खिडकीच्या कोपऱ्यापासून जिन्याच्या पायऱ्यांसारखी तिरपी गेलेली भेग त्याची खूण. गिलाव्यावरच्या केसासारख्या चिरांनी मात्र घाबरू नये. त्या बहुतेक घरांत असतात. दारे पावसाळ्यात अडकतात ती नेहमी लाकूड फुगल्यामुळेच, असेही नाही. चौकटच तिरकी झालेली असते, आणि मग सुतार बोलावला जातो. सासूबाईंनी पाहिलेला रंधा तो हाच.

केवळ वय पाहू नये, हेही गवंड्याने बजावले. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला तारिक गार्डन ही इमारत कोसळून १६ माणसे गेली. ती जुनी नव्हती, जेमतेम सात वर्षांची होती.

कायदा भाडेकरूच्या बाजूने नाही असे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे घर दुरुस्त ठेवणे हे घरमालकाचे काम. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने ते केले नाही, तर भाडेकरूने दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. एवढ्यात स्लॅब होत नाही, रंग होतो! करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा, ही जबाबदारीही घरमालकाचीच. आम्ही भांडलो नाही, सामान बांधले.

आताचे घरही जुनेच आहे. खिडकीखाली एक भेग आहे, ती घरमालकांनी पहिल्याच दिवशी स्वतः दाखवली. गवंड्याने तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडव्या रेघा मारून शेजारी तारीख लिहिली. भेग रेघेपलीकडे सरकली की कळवायचे, असे ठरले. दर दिवाळीला रंगारी आला की सौ. त्याला तेवढी वीतभर जागा सोडायला सांगते. पाहुणे विचारतात, ही जागा रंगवायची राहिली वाटते? सासूबाई त्यांना फराळाचे ताट पुढे करतात.