मुके राहिलेले भोंगे

दिनांक १६ मे २०२५ रोजी दुपारी अमेरिकेतील सेंट लुइस शहरावर टोर्नेडो चालून आला, तेव्हा वेधशाळेने इशारा दिला होता. पण नागरिकांना सावध करण्यासाठी शहरभर उभारलेले भोंगे मुकेच राहिले. आपत्ती-निवारण खात्याचे अधिकारी त्या वेळी कचेरीबाहेर एका कार्यशाळेत होते. कळ कोणी दाबावयाची, त्यांनी की अग्निशामक दलाने, हे दूरध्वनीवरील संभाषणात स्पष्ट झाले नाही आणि ती वेळेवर कोणीच दाबली नाही. शहरात चार माणसे प्राणास मुकली, हजारो इमारतींची हानी झाली. आकडा लहान म्हणून हा प्रकार क्षुल्लक मानावयाचा काय? ज्या शहराने १८९६ साल पाहिले, त्याने तरी तसे मानू नये.

टोर्नेडोला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. वावटळ म्हणावे तर अंगणातला पाचोळा आठवतो. चक्रीवादळ म्हणावे तर शेकडो मैल पसरलेले सागरी तुफान डोळ्यांपुढे उभे राहते. हा प्रकार दोहोंहून निराळा. मेघातून भूमीपर्यंत लोंबणारी ती वाऱ्याची सोंड असते आणि तिचे आयुष्य बहुधा काही मिनिटांचेच. सागरी तुफानाची वर्दी दिवस दिवस आधी मिळते. येथे सारा हिशेब मिनिटांचा.

२७ मे १८९६ रोजी, बुधवारी सायंकाळी, ही सोंड सेंट लुइसच्या दक्षिण भागातून निघाली. लाफायेट उद्यानातील वृक्षराजी तिने भुईसपाट केली, सुखवस्तूंचे वाडे आणि कामकऱ्यांची घरे सारख्याच निर्विकारपणे पाडली आणि ती मिसिसिपीच्या धक्क्यावर येऊन ठेपली. धक्क्याला बांधलेल्या आगबोटी दोर तुटून भरकटल्या, कित्येक बुडाल्या. १८७४ साली खुला झालेला ईड्स पूल त्या काळच्या स्थापत्याचा अभिमान; त्याची मुख्य कमान टिकली, पण पूर्वेकडील चढणीचा वरचा भाग उडाला. पुलाच्या घडीव लोखंडी पत्र्यातून लाकडाची एक फळी आरपार गेली. पलीकडे ईस्ट सेंट लुइस म्हणजे रेल्वेची यार्डे व मालाची गोदामे यांचे गाव. तेथे डबे उलथले आणि गोदामे आत काम करणाऱ्यांसह कोसळली. अलीकडे १३७ मृत, पलीकडे ११८. आणि पलीकडची वस्ती तर अलीकडच्या मानाने अगदीच थोडी! नदीने ओढून नेलेले या २५५ मध्ये सगळे आले असतील असेही नाही.

त्या दिवशी शास्त्र अपुरे होते हे खरे. पण एवढेच म्हणून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या हवामान खात्याने आपल्या अंदाजांतून ‘टोर्नेडो’ हा शब्दच वर्ज्य केला होता. लोक घाबरतील, ही सबब! जनतेच्या प्राणांपेक्षा तिच्या मनःशांतीची काळजी वाहणारे सरकारी शहाणपण कोठे नसते? हे बंधन १९३८ पर्यंत टिकले. पुढे मार्च १९४८ मध्ये ओक्लाहोमातील टिंकर या विमानतळावर दोघा लष्करी हवामानतज्ज्ञांनी टोर्नेडोचे भाकीत वर्तवले आणि त्याच सायंकाळी ते खरे ठरले. त्यानंतर रडार आले, उपग्रह आले.

एवढे सारे आल्यावर २०२५ मध्ये उणे पडले ते कळीवरचे एक बोट. मोबाइलवर इशारे गेले होते. परंतु फोन जवळ नसलेला वृद्ध, दुकानात मान खाली घालून राबणारा नोकर, यांच्यासाठीच तर भोंगा असतो. उत्तर सेंट लुइसमधील ज्या कृष्णवर्णीय वस्त्यांवर सर्वाधिक घाव बसला, तेथील विटांची जुनी घरे आधीच दुर्लक्षाने खिळखिळी झाली होती आणि कित्येकांचा विमाही उतरवलेला नव्हता. टोर्नेडो मिसिसिपी ओलांडून इलिनॉय राज्यात विरला.

संबंधित अधिकाऱ्यांस महापौरांनी आधी रजेवर धाडले आणि भोंग्यांचे काम अग्निशामक दलाकडे सोपवले. केंद्र सरकारने आपत्ती अधिकृतपणे जाहीर केली ती ९ जून रोजी. तोपर्यंत चोवीस दिवस लोटले होते आणि उडालेल्या छपरांवर ताडपत्र्या घालण्याचे काम शेजारीपाजारी व स्वयंसेवकच करीत होते.