कीर्ती कोणत्या चेहऱ्याची?

२०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी प्राडा या विख्यात पेढीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन मांडले आणि त्या झगमगत्या मंचावरून जे देखणे तरुण चालत गेले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या पायांत कोल्हापुरी घाटाच्या चपला होत्या. त्यानंतर उठलेला गदारोळ वाचकांच्या स्मरणात असेलच. चपलांच्या मूळ गावाचा साधा उल्लेखही पेढीने केला नव्हता. इकडे संतापाची लाट उसळली, तेव्हा पेढीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. तिचे प्रतिनिधी कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेले आणि वर्ष सरण्यापूर्वी महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. या साऱ्या चर्चेत चपलेचे नाव झाले, गावाचे नाव झाले, पेढीचे तर आधीच होते. परंतु त्या चपला घालून मंचावर चाललेल्या तरुणांपैकी एकाचे तरी नाव कोणी विचारले काय? ज्यांच्याकडे पाहण्यासाठी सारे जग गोळा झाले होते, तेच नेमके विस्मरणात गेले.

चपलेला 'कोल्हापुरी' म्हणावयाचे, तरी ती एकट्या कोल्हापूरची नव्हे. २०१९ साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांच्या नावे, आणि त्यांत बेळगाव जिल्हा आहे. अथणीच्या कारागिरांचे हात या कामात पिढ्यान् पिढ्या मुरलेले आहेत. बेळगाव-निपाणीचा सीमातंटा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात निकालाची वाट पाहत पडला आहे. चपलेने मात्र आपल्यापुरता तो केव्हाच मिटवून टाकला!

आम्हांस या विषयाकडे वळविले ते मात्र मिलानने नव्हे, निपाणीने. मध्यंतरी एका व्याख्यानाच्या निमित्ताने आम्ही चोर्ला घाट चढून बेळगावला आणि तेथून निपाणीस गेलो होतो. कार्यक्रम आटोपल्यावर एक गृहस्थ संकोचत जवळ आले. त्यांची कन्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. कुठल्याशा साडीच्या दुकानाच्या जाहिरातीत तिचे छायाचित्र झळकले, ते पाहून मुंबईहून बोलावणे आले आहे. ते म्हणाले, "साहेब, आई तंबाखूच्या वखारीत राबली म्हणून पोरगी शिकली. आता म्हणतीया, कॉलेज सोडून जातो. जा म्हणू, का थांब म्हणू? ह्यात म्होरं राहतंय काय, तेवढं सांगा." आम्ही त्या वेळी चार गुळमुळीत शब्द बोलून सुटका करून घेतली. परंतु प्रश्न खरा होता, आणि त्याला नीट उत्तर देणे आमच्यावर बाकी राहिले आहे.

रूपावर जगणे हा धंदा आपल्याकडे परदेशातून आला, अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नाही. ज्याने नेसावे तसे घरोघरी नेसले जावे, ज्याच्या छबीने बाजारातला माल खपावा, असा पहिला मोठा 'मॉडेल' मराठी समाजाने आपल्याच रंगभूमीवर निर्माण केला, आणि तो पुरुष होता. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. या मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, हेही येथे नमूद केले पाहिजे. बालगंधर्वांची लुगडे नेसण्याची ढब, केसांत फुले माळण्याची रीत, दागिन्यांची निवड यांचे अनुकरण कुलीन घरांतील स्त्रिया करू लागल्या. साबण-पावडरींवर त्यांची छबी आली. स्त्रीने कसे दिसावे हे एका पुरुषाने शिकविले आणि आमच्या आज्या-पणज्यांनी ते आनंदाने स्वीकारले.

पुढे काय झाले? रूप ओसरले, बोलपट आला, कर्जाचे डोंगर झाले, देहानेही साथ सोडली. १९६७ साली ते वारले तेव्हा शकुंतला किंवा भामिनी यांचे ते लावण्य पाहिलेली पिढी वृद्ध झाली होती. आज बालगंधर्वांचा शालू कोणत्या रंगाचा होता, हे सांगणारा माणूस शोधूनही सापडणार नाही. पण त्यांची ध्वनिमुद्रिका लावा. पहिल्या तानेबरोबर ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलू लागते. रूपाने जमविलेली गर्दी पांगली. गळ्याने जमविलेली अजून बसून आहे.

दुसरे उदाहरण आपल्या गोमंतकातले. पेडण्यातील मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर यांचा जन्म १८८३ सालचा. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांच्यासारख्या चित्रकारांना त्यांच्या रूपाने मोहिनी घातली होती, असे सांगितले जाते. त्या काळी छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरच्या देव्हाऱ्यांत गेल्या. त्या चित्रांपुढे ज्या कोणी स्त्रिया बसल्या असतील, त्यांच्या चेहऱ्यांना लाखो हात जोडले गेले. नाव मात्र एकीचेही कोणी घेतले नाही. पूजा व्हावी आणि ओळख उरू नये, ही कीर्तीची किती विलक्षण तऱ्हा!

अंजनीबाई त्या अनामिकांत जमा झाल्या नाहीत, कारण त्यांनी रूपाच्या जोडीला विद्या कमावली होती. भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांकडे त्यांनी तपश्चर्या केली, नाव मिळविले, आणि पुढे मैफली आवरत्या घेऊन विद्यादानाला वाहून घेतले. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला. त्यांच्याकडे शिकलेल्यांत किशोरी आमोणकर होत्या आणि कुमार गंधर्वही होते. कुमारजी बेळगावजवळच्या सुळेभावीचे. घरची भाषा कानडी. सुळेभावीच्या कानडी मुलाला मालपेच्या गोमंतकीय बाईंनी मुंबईत स्वर द्यावा आणि त्याने तो माळव्यात देवासला नेऊन साऱ्या देशाला ऐकवावा, हा प्रवास कोणत्याही तसबिरीला साधला नसता. चित्रात अडकलेले रूप होते तेथेच राहिले. शिष्याच्या गळ्यात उतरलेले स्वर पुढे चालू लागले.

हे जुन्या काळाचे झाले, आता निराळे युग आहे, असे कोणी म्हणेल. तर अलीकडचे हिशेबही मांडून पाहू. १९६५ साली पर्सिस खंबाटा 'मिस इंडिया' झाली. ती हॉलिवूडपर्यंत पोहोचली आणि १९७९ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटासाठी तिने चक्क मुंडण केले. १९९८ साली मुंबईत तिचे निधन झाले तेव्हा तिने पन्नाशीही गाठली नव्हती. मृत्यूच्या आदल्याच वर्षी तिने भारतातील सौंदर्यविजेत्यांवर एक ग्रंथ सिद्ध केला होता. आपल्या व्यवसायातील स्त्रियांना जग किती लवकर विसरते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

१९९२ साली नागपूरची मधू सप्रे विश्वसुंदरीच्या स्पर्धेत तिसरी आली. ती मूळची खेळाडू. देशाचे नेतृत्व मिळाले तर काय कराल, असे विचारता तिने क्रीडासंकुल उभारण्याची भाषा केली, आणि या प्रांजळपणापायी तिचा मुकुट हुकला, असे आजही बोलले जाते. पण सर्वसामान्यांना तिचे नाव आठवते ते १९९५ च्या बुटांच्या जाहिरातीमुळे. तिच्यात ती आणि मिलिंद सोमण विवस्त्र उभे होते व अंगाभोवती अजगर होता. खटला चालला तो थेट २००९ पर्यंत, आणि अखेर सारे निर्दोष सुटले. छायाचित्राला क्षणभर पुरला, खटल्याला चौदा वर्षे पुरली नाहीत! सोमण यांनी पुढे दूर पल्ल्याच्या धावण्यात नवे नाव कमावले. मधू सप्रे इटलीत संसाराला लागली. तिच्या खेळाची मात्र आज कोणी आठवणही काढत नाही.

या सर्वांत आम्हांला विशेष वाटते ती रीता फारिया. आईबाप गोमंतकीय, जन्म मुंबईचा, शिक्षण ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९६६ साली लंडनमध्ये ती जगत्सुंदरी ठरली. हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय. तिच्यापुढे त्या क्षणी सारे दरवाजे उघडे होते. मॉडेलिंग होते, चित्रपट होते. तिने वर्षभर मुकुटाची कर्तव्ये पार पाडली आणि मग ती सरळ वैद्यकाच्या अभ्यासाला परतली. पुढे डब्लिनमध्ये स्थायिक होऊन तिने डॉक्टर म्हणून आयुष्य घालविले. तिच्याच काळात इंग्लंडमध्ये जीन श्रिम्प्टन हा जगातला सर्वांत महागडा चेहरा मानला जात होता. तिनेही लवकरच तो व्यवसाय सोडला आणि कॉर्नवॉलमधील एका लहान गावी हॉटेल चालविले. ज्यांना जाण्यासाठी दुसरे घर होते, त्या सन्मानाने गेल्या. ज्यांना ते नव्हते, त्यांना जगाने दाराबाहेर काढले.

याचा अर्थ हा व्यवसाय हलका आहे, असा मुळीच नाही. उन्हात तासन् तास उभे राहणे, भूक मारणे, दुसऱ्याच्या मर्जीप्रमाणे हसणे हेही श्रमच आहेत. मुलगी छायाचित्रासाठी उभी राहिली म्हणून घराण्याची अब्रू गेली असे मानणाऱ्यांची आम्ही कीवच करू. तंबाखूच्या धुळीत खोकत मरण्याने ज्यांच्या समाजाची अब्रू जात नाही, तिला कॅमेऱ्याने कसला धोका? अडचण अब्रूची नाही, मालकीची आहे. सुताराची पटाशी त्याची असते, गवयाचा गळा त्याचा असतो. मॉडेलचा चेहरा मात्र त्याचा असूनही त्या चेहऱ्याचे चित्र त्याचे नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, वेगळा करार नसल्यास, ते काढवून घेणाऱ्याकडे जातो. ज्याचा चेहरा, त्याला फक्त रोजंदारी. निपाणीच्या वखारीतही मालाचा मालक दुसरा आणि हात दुसऱ्याचे, हाच हिशेब होता.

वखारीचा विषय निघालाच आहे, तर निपाणीच्याच चेहऱ्यांची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीत शेतकऱ्यांनी आंदोलन केले आणि गोळीबारात प्राण दिले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच सुमारास वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या स्त्रियाही संघटित होत होत्या. १९८२ साली 'युगांतर' या गटाने त्यांच्यावर एक लघुपट काढला. दीपा धनराज त्या गटाच्या एक प्रमुख. लघुपट अर्ध्या तासाचाही नाही. पडद्यावर नट्या नाहीत. वखारीतल्या बायाच आपले काम, आपला खोकला, आपला संप आणि आपला संताप दाखवितात. फाटके लुगडे, तोंडावर बांधलेले फडके आणि धुळीने माखलेल्या भुवया. सौंदर्यस्पर्धेच्या परीक्षकांनी यांतल्या एकीकडेही मान वळवून पाहिले नसते. चार दशकांनंतर बर्लिनमधील एका चित्रपट-संस्थेने हे लघुपट जीर्णोद्धार करून जतन केले आहेत, आणि निपाणीच्या त्या बाया आज परदेशांतील अभ्यासकांशी पडद्यावरून बोलत आहेत.

त्या वर्षी कोणत्या साडीच्या जाहिरातीत कोणता चेहरा झळकला होता, हे आज कोण सांगू शकेल? वखारीतल्या बायांनी तर चेहरा विकलाच नव्हता. तो दाखविला, कारण त्यांना काही सांगावयाचे होते. बालगंधर्वांना गाऊन सांगावयाचे होते, अंजनीबाईंना शिकवून. ज्या चेहऱ्यामागे सांगण्यासारखे काही असते, तो सुरकुतला, धुळीने माखला तरी टिकतो. ज्याच्यामागे केवळ माल असतो, त्याचे आयुष्य माल खपेपर्यंत.

तेव्हा निपाणीच्या त्या गृहस्थांना आमचे उत्तर असे. मुलीला अडवू नका. अडवाल तर ती चोरून जाईल, आणि चोरून गेलेल्या मुलीला कराराचा कागद वाचून दाखविणारा कोणी भेटत नाही. पण पदवी पुरी करूनच तिला पाठवा. एक वर्षाने रूप उतरत नाही, आणि एक वर्ष थांबायला जे तयार नाहीत ते उद्याही तिच्यासाठी थांबणार नाहीत. पहिला करार जाणत्या वकिलाला दाखवा. मोबदला किती, छायाचित्र कोठे आणि किती वर्षे वापरणार, हे लेखी असू द्या. आणि परतीची वाट उघडी ठेवा. मुंबईहून रिकाम्या हाताने आलेल्या लेकीला गावाने हसू नये, एवढे गावाने आणि तुम्ही मिळून पाहा.

'ह्यात म्होरं राहतंय काय,' हे तुम्ही विचारलेत. रूपाचे काही राहत नाही. पण त्या मुलीला एक गोष्ट अवश्य सांगा: तिच्या आईच्या पिढीतल्या वखारीतल्या बायांचे चेहरे आज बर्लिनला जपून ठेवले आहेत, आणि त्यासाठी त्यांपैकी कोणालाही सुंदर असावे लागले नव्हते.