श्वास रोखू नका!

सुट्टीत मालवणला जाणाऱ्यांना सिंधुदुर्ग किल्ल्याबरोबर आता आणखी एक आकर्षण असते. पाठीवर हवेची टाकी आणि डोळ्यांवर काच बांधून, प्रशिक्षकाबरोबर समुद्रात उतरायचे व प्रवाळ आणि रंगीत मासे जवळून पाहायचे. यालाच स्कूबा डायव्हिंग म्हणतात. उतरण्यापूर्वी प्रशिक्षक एक नियम पुन्हा पुन्हा बजावतो : 'श्वास रोखू नका!' विहिरीत बुडी मारताना तर आपण श्वास रोखूनच धरतो. मग येथे उलटा नियम का? उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकातच आहे.

समुद्रसपाटीवर हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम असतो. याला एक वातावरण दाब म्हणू. समुद्रात दर १० मीटर खोलीला आणखी तेवढाच दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर तो दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, तर ३० मीटरवर चौपट होतो.

मग लांब पोकळ नळी तोंडात धरून खाली गेले तर? तेही जमत नाही. केवळ १ मीटर खोलीवर पाण्याचा जादा दाब दर चौ. सेंमी.ला १०० ग्रॅम असतो. छातीचे क्षेत्रफळ १००० चौ. सेंमी. धरले, तर छातीवर जणू १०० किलोग्रॅमचे ओझे पडते. नळीतली हवा मात्र पृष्ठभागावरच्याच दाबाची. एवढे ओझे रेटून छाती फुगवणे स्नायूंना झेपत नाही.

यावर व्यवहार्य तोड काढली फ्रान्समधील झाक कुस्तो आणि एमिल गान्यॉं यांनी, १९४३ साली. त्यांच्या उपकरणातील झडप टाकीतली हवा भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने आणि श्वास घेऊ तेव्हाच पुरवते. त्यामुळे आतला व बाहेरचा दाब समान राहतो व श्वास सहज घेता येतो. टाकीत शुद्ध ऑक्सिजन असतो असे पुष्कळांना वाटते. पण सहसा ती दाबून भरलेली साधी हवाच असते.

आता बॉइलचा नियम आठवा. तापमान कायम असताना वायूचे घनफळ दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. विहिरीत बुडी मारणारा पृष्ठभागावरची हवा छातीत घेऊन जातो. ती खाली आकसते आणि वर येताना मूळच्या घनफळाला येते. स्कूबावाला मात्र १० मीटर खाली दुप्पट दाबाची हवा घेतो. त्याने ५ लिटर हवा छातीत कोंडून वर यायचे ठरवले, तर पृष्ठभागावर तिला १० लिटर जागा हवी. फुप्फुसे एवढी ताणत नाहीत. त्यांतले नाजूक वायुकोश फाटतात आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून जिवावर बेतू शकते. म्हणून सतत श्वासोच्छ्वास करायचा आणि सावकाश वर यायचे.

उथळ पाण्यात हा धोका नाही, असे मात्र समजू नका. ३० मीटरवरून २० मीटरवर येताना हवेचे घनफळ एक-तृतीयांशाने वाढते. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना दुप्पट होते. म्हणजे शेवटचे काही मीटरच अधिक जपण्याचे!

उतरताना कानाच्या पडद्यावर बाहेरून दाब पडतो. त्यासाठी नाक चिमटीत धरून हळूच फुंकतात. तेव्हा घशातून कानाकडे जाणाऱ्या नलिकेतून हवा पडद्यामागे पोचते. सर्दीत ही नलिका चोंदते, म्हणून सर्दी असताना बुडी नको. कान दुखू लागला तर पुढे न जाता प्रशिक्षकाला खूण करावी. पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे 'छान' नव्हे, तर 'वर चला' हे लक्षात ठेवा. 'ठीक आहे' सांगण्यासाठी अंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ करतात.

आणखी एक गोष्ट. सोड्याची बाटली उघडताच बुडबुडे येतात, कारण दाब कमी झाला की विरघळलेला वायू बाहेर पडतो. जास्त दाबाखाली रक्तात आणि शरीराच्या ऊतींत हवेतला नायट्रोजनही असाच अधिक विरघळतो. झपाट्याने वर आल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखतात, प्रसंगी पक्षाघातही होतो. विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा असे सांगतात. दम्याचा किंवा हृदयाचा विकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

करून पहा : सुई नसलेली नवी पिचकारी घ्या. दट्ट्या निम्म्यावर ठेवून तोंड बोटाने घट्ट बंद करा व दट्ट्या दाबा. हवा आकसेल. आता दट्ट्या सोडा. तो आपोआप मागे सरकेल. त्या दट्ट्याला मागे सरकायला जागा असते. छातीत कोंडलेल्या हवेला मात्र ती नसते.