ब्लेंड आहे? मग द्या!

ऑफिसच्या डिनरला बॉसने वाइन लिस्ट थेट माझ्या हातात दिली. ‘‘तू नाशिकची ना? मग आज तूच ऑर्डर दे.’’ नाशिकची असण्याचा हा एक त्रास. चिवडा, मिसळ आणि वाइन या तीन विषयांत आम्हाला जन्मतःच पदवी मिळते, असा पुण्या-मुंबईकरांचा समज असतो. मी ऐटीत एका शिराझ-कॅबर्नेटवर बोट ठेवलं. बॉसने वाकून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘अगं, हे तर ब्लेंड आहे. मिक्स नको, सिंगल काहीतरी मागव ना.’’ टेबलावर सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुकाट्याने नुसती शिराझ मागवली.

घरी जाताना टॅक्सीत ट्यूब पेटली. ही सगळी व्हिस्कीची कृपा! व्हिस्कीच्या दुनियेत सिंगल माल्ट म्हणजे प्रमोशन आणि ब्लेंडेड म्हणजे रोजची, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. तोच नियम आपण डोळे झाकून वाइनला लावतो. पण वाइनमध्ये अशी शिडीच नाही. ज्या बोर्डोच्या नावाने जगभर लोक उसासे टाकतात, तिथल्या बहुतेक रेड वाइन्स ब्लेंडच असतात. नदीच्या डाव्या काठाला कॅबर्नेट सॉव्हिन्यॉचा वाटा मोठा, उजव्या काठाला मर्लोचा. फ्रान्सच्याच शातोनफ-द्यु-पापमध्ये तर 13 जातींची द्राक्षं वापरायला परवानगी आहे. आता बोला!

पुढच्याच वीकेंडला नाशिक गाठलं. गाडी चालवणारा मित्र सोबत होता, आणि तो एक थेंबही घेणार नाही, हे आधीच ठरलेलं. (तुम्हीही हे आधीच ठरवून निघा.) गंगापूर धरणाच्या बाजूला यॉर्क वायनरी आहे. गुरनानी कुटुंबाने ती उभी केली आणि मुलांच्या नावांतल्या आद्याक्षरांवरून तिचं नाव ठेवलं. मुलगा कैलास ऑस्ट्रेलियात, अॅडलेडला वाइन बनवण्याचं शिक्षण घेऊन आला. 2021 मध्ये सुलाने यॉर्क विकत घेतली, तोवर हा घरचाच कारभार होता. त्यांची अभिमानाची रेड म्हणजे ‘अॅरोस’. शिराझ आणि कॅबर्नेटचं ब्लेंड! ऑस्ट्रेलियात ही जोडी जुनी आणि लाडकी आहे, त्यामुळे तिथून शिकून आलेल्याला ती सुचली यात नवल नाही.

पण हीच जोडी का? शिराझ नाशिकच्या उन्हात खुशीत पिकते. गडद रंग, काळ्या बोरांसारखं फळ, मागून काळी मिरी. तोंडात गोलसर लागते. कॅबर्नेट तशी हट्टी. साल जाड, पिकायला उशीर, आणि टॅनिन भरपूर. टॅनिन म्हणजे कडक काळा चहा प्यायल्यावर हिरड्या आवळतात ना, ते. कॅबर्नेट सुरुवातीला जोरात येते, शेवटीही रेंगाळते, पण मध्येच कुठेतरी पोकळ वाटते. ऑस्ट्रेलियातले लोक तिला ‘डोनट’ म्हणतात. मी मेदूवडा म्हणेन. त्या वड्याचं भोक शिराझ भरते आणि शिराझच्या गुबगुबीतपणाला कॅबर्नेट कणा देते. एवढं साधं लॉजिक आहे.

आणि हे मिश्रण टाकीत एकदम ओतून होत नाही. आपल्याकडे द्राक्षांची काढणी जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत चालते. शिराझ आधी येते, कॅबर्नेट मागून. म्हणून साधारणपणे प्रत्येक जात वेगळी आंबवतात. रेडचा रंग सालीतून येतो, तेव्हा रस सालींसकट टाकीत ठेवतात. मग बराचसा माल ओकच्या पिंपात जातो. एका पिंपात साधारण 225 लिटर. त्यानंतर वाइनमेकर नमुने काढतो, मापाच्या नळीत 60-40, 70-30 करून बघतो, चाखतो, थुंकतो, पुन्हा करतो. आजी थालीपिठाची भाजणी करायची तेव्हा प्रत्येक धान्य वेगळं भाजायची, मग अंदाजाने एकत्र करून दळायला पाठवायची. भाजणीला कुणी भेसळ म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

आता काकांची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय हा विषय मला पुरता सांगता येणार नाही. माझे काका निफाड तालुक्यात द्राक्षं करतात. 2001 मध्ये राज्याचं वाइन धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं आणि सगळीकडे वाइनची चर्चा सुरू झाली. 2006 मध्ये काकांनी दीड एकर थॉमसन काढून कॅबर्नेट लावली, एका कंपनीशी करार करून. मग 2008 ची मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. पुढच्या हंगामात कंपनीचा फोन लागेना. वाइनची द्राक्षं बारीक, बियांची, जाड सालीची. ती बाजारात नेऊन ताटात खायला विकता येत नाहीत. काकांनी ती बाग तोडली तेव्हा मी कॉलेजात होते. त्या आठवड्यात ते घरात कुणाशीच बोलले नव्हते.

म्हणून लेबलवर ‘इस्टेट’ हा शब्द दिसला की मी थांबते. त्याचा अर्थ द्राक्षं त्यांच्या स्वतःच्या बागेतली. आपल्याकडे मोठ्या वायनरीज बरीचशी द्राक्षं करारावर शेतकऱ्यांकडून घेतात. त्यात वाईट काही नाही, करार पाळला तर! पण स्वतःची बाग असलेला माणूस स्वतःच्याच द्राक्षांना ‘यंदा नको’ म्हणू शकत नाही. एखाद्या वर्षी कॅबर्नेट नीट पिकली नाही तर शिराझचा वाटा वाढवतो, आणि बाटली भरतो. माझ्या मते ब्लेंडची खरी मजा इथे आहे. ते त्या बागेचं त्या वर्षीचं उत्तर असतं.

लेबल वाचायची युक्तीही सोपी आहे. दोन नावं असतील तर ज्याचं नाव आधी, त्याचा वाटा सहसा जास्त. शिराझ-कॅबर्नेट म्हणजे मऊ, कॅबर्नेट-शिराझ म्हणजे जरा ताठ. ग्रोव्हरची ‘ला रिझर्व्ह’ रेडही याच दोन द्राक्षांची आहे, दोन्ही शेजारी ठेवून पाहा. अकलूजच्या फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ वेगळ्या वळणाची, कॅबर्नेटसोबत इटलीची सांजोव्हेजे. ही कंपनी भावा-भावांच्या तीन जोड्यांनी मिळून काढली, आणि इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊच! आणि हो, लेबलवर एकाच द्राक्षाचं नाव असलं तरी फार भाव खाऊ नका. युरोपात 85 टक्के आणि अमेरिकेत 75 टक्के एक जात असली की तेवढंच नाव छापता येतं. बॉसची ‘सिंगल’सुद्धा बऱ्याचदा थोडी मिक्स असते.

सगळ्यात स्वस्त क्लास घरीच होतो. एकाच वायनरीची नुसती शिराझ आणि नुसती कॅबर्नेट आणा. फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा, कारण ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे 16-18 अंश, आपल्या मे महिन्यातलं बेडरूम नव्हे. मग तीन ग्लासांत 70-30, 50-50, 30-70. आम्ही रूममेट्सनी खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजलं होतं. (धुऊन, अर्थात.) सोबत झणझणीत मिसळ ठेवू नका, तिखटावर टॅनिन आणखी बोचतं. सुकं मटण मात्र मस्त जमलं.

दिवाळीत हाच खेळ निफाडला केला. काका सहसा घेत नाहीत, पण तिन्ही ग्लास त्यांनी चाखले आणि 70-30 पुढे ओढला.

‘‘यात कॅबर्नेट किती?’’

‘‘तीस टक्के, काका.’’

त्यांनी ग्लास उजेडात धरला. ‘‘एवढीच लागते होय? मग अर्धा एकर पुरला असता की गं. उरलेला एकर थॉमसनच ठेवला असता.’’ आणि मग म्हणाले, ‘‘ओत अजून थोडी.’’