काडेपेटीतलं बटण

दुसरीतल्या मुलाला एकामागून एक चित्रं दाखवा. तो 'ॲपल', 'बॉल', 'कॅट' असं धडाधड म्हणून दाखवील. मग त्याला इंग्रजीतून सांगा, 'चेंडू पाटाखाली ठेव.' तो आपल्या तोंडाकडे पाहत राहतो. असं का होतं?

कार्डावरचं चित्र समोरच दिसत असतं, त्यामुळे मुलाला ऐकावं लागतच नाही. ऐकल्यावाचून भाषा येत नाही, हे तर खरंच. पण नुसतं कानावर पडणंही पुरत नाही. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. घरात इंग्रजीच ऐकणाऱ्या ९ महिन्यांच्या बाळांशी चिनी भाषिक माणसं खेळणी-पुस्तकं घेऊन बोलली. २५ मिनिटांच्या १२ बैठका झाल्या. या बाळांना इंग्रजीत नसलेले चिनी ध्वनी वेगळे ओळखता आले. ज्यांना तेच बोलणं पडद्यावर दाखवलं किंवा नुसतं ऐकवलं, त्यांना काहीच फायदा झाला नाही. बाळांवरचा निष्कर्ष सात वर्षांच्या मुलाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण मुलाच्या हाती मोबाइल देऊन 'इंग्रजी शिकतोय' म्हणणाऱ्यांनी थोडा विचार करावा.

तेव्हा साधन असं हवं, की ऐकल्याशिवाय खेळ पुढे जाऊ नये. आठ-दहा रिकाम्या काडेपेट्या घ्या. त्यांत बटण, चिंचोका, खडूचा तुकडा, शेंगदाणा असं काहीबाही लपवा. पेटी हलवून विचारायचं, 'इज इट अ बटन?' उत्तर पेटीत आहे, चित्रात नाही!

पुढचा खेळ अधिक चांगला. लाल बटण, पांढरं बटण, एक पान, एक काडेपेटी असा सारखाच संच दोघांपुढे ठेवा आणि मध्ये वही उभी धरा. 'पुट द रेड बटन अंडर द लीफ.' मोठ्यानं सांगायचं, मुलानं मांडायचं. मग वही काढून दोन्ही मांडण्या ताडून पाहायच्या. इथे 'रेड' आणि 'अंडर' हे शब्द ऐकावेच लागतात. सुरुवातीचे काही आठवडे मूल बोललं नाही तरी चालेल. मातृभाषेतही आधी समजतं, मग बोलता येतं. जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात 'आज्ञा ऐका आणि कृती करा' ही पद्धत याच आधारावर मांडली.

कानासाठीही काडेपेट्या चालतात. मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ इकारानं शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून 'शिप' आणि 'शीप' आपल्या मुलांना सारखेच वाटतात. एका पेटीवर जहाज काढा, दुसरीवर मेंढी. शब्द ऐकून मुलानं त्या पेटीत चिंचोका टाकायचा. आधी आपला उच्चार तपासून घ्या. आपलीही इथे पंचाईत होते.

भाषा इंग्रजीच हवी असं नाही. सोलापुरात शेजारच्या आजी तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील, तर वहीपलीकडे त्यांना बसवा. आपण मुलाच्या बाजूला बसून बटण कुठे ठेवायचं ते त्याच्याबरोबर ओळखायचं.