फिट्झरॉय : परवाना गेला, क्लब राहिला

मेलबर्नच्या ब्रन्सविक स्ट्रीटवरून ट्राम उत्तरेकडे निघाली की एडिनबरा गार्डन्सच्या झाडांआडून १८८८ सालची लाकडी प्रेक्षक गॅलरी दिसू लागते. तिच्यासमोरचे मैदान फिट्झरॉय फुटबॉल क्लबचे घर आहे. इथला फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. अंडाकृती मैदान, दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खेळाडू, लंबगोल चेंडू आणि प्रत्येक टोकाला चार खांब. लाथाडलेला चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एकच.

१८८३ मध्ये कामगारवस्तीच्या या उपनगरात क्लब स्थापन झाला. १८९७ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा संस्थापक आठ क्लबांमध्ये तो होता आणि १८९८ व १८९९ ही लागोपाठ दोन वर्षे विजेतेपद त्याच्याकडेच आले. एकूण आठ विजेतेपदे मिळाली, शेवटचे १९४४ मध्ये. त्यातले १९१६चे सगळ्यात नवलाचे. महायुद्धामुळे लीगमध्ये चारच संघ उरले होते. त्यांत फिट्झरॉय तळाला होता, पण चारही संघांना अंतिम फेऱ्यांत प्रवेश असल्याने तळाच्या संघाने चषक उचलला.

पण या क्लबचा खरा मोठेपणा मला चषकांपेक्षा डग निकोल्स यांच्या कहाणीत दिसतो. आदिवासी समाजातून आलेल्या या चपळ खेळाडूला आधी दुसऱ्या एका क्लबात वर्णद्वेषाने दूर लोटले होते; तिथले मालिश करणारे त्यांच्या अंगाला हात लावायला तयार नव्हते. १९३२ मध्ये ते फिट्झरॉयला आले. कपडे बदलायच्या खोलीत ते एकटेच बाजूला बसत. तेव्हा तीन वेळा ब्राउनलो पदक मिळवणारा हेडन बंटन त्यांच्याशेजारी येऊन बसू लागला. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूने शेजारची जागा घेतल्यावर बाकीच्यांना वेगळे सांगावे लागत नाही. निकोल्स पुढे पाद्री झाले, १९७२ मध्ये 'सर' झाले आणि १९७६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले.

क्लबची परवड मैदान सुटल्यापासून सुरू झाली. १९६६ नंतर ब्रन्सविक स्ट्रीटवर लीगचा सामना झाला नाही. पुढची तीस वर्षे संघ प्रिन्सेस पार्क, जंक्शन ओव्हल, व्हिक्टोरिया पार्क, व्हिटन ओव्हल असा दुसऱ्यांच्या मैदानांवर बिऱ्हाड हलवत राहिला. पाहुण्या संघाला तिकिटांचा आणि जाहिरातींचा पैसा किती मिळणार? कर्ज वाढत गेले आणि १९९६ मध्ये नाऊरूच्या विमा महामंडळाने वसुलीसाठी प्रशासक नेमला. नॉर्थ मेलबर्नशी विलीनीकरणाची बोलणी बरीच पुढे गेली होती. पण असा एकत्रित संघ फार बलाढ्य होईल, ही इतर क्लबांना भीती. शेवटी ब्रिस्बेन बेअर्सच्या पारड्यात कौल पडला. १ सप्टेंबर १९९६ रोजी पर्थमध्ये फ्रीमँटलविरुद्धचा अखेरचा सामना ८६ गुणांनी गेला. त्यानंतर आठ खेळाडू ब्रिस्बेनला गेले आणि फिट्झरॉयचे सिंहाचे चिन्हही तिकडेच गेले. या एकत्रित संघाने, म्हणजे ब्रिस्बेन लायन्सने, २००१ ते २००३ सलग तीन विजेतेपदे मिळवली. फिट्झरॉयच्या कित्येक जुन्या चाहत्यांनी ती आपलीच मानली, तर कित्येकांना ती शेवटपर्यंत परकी वाटली. मला दोन्ही गटांचे पटते.

विलीनीकरण झाले ते खेळण्याच्या परवान्याचे, ही बाब अनेकदा नजरेआड होते. कायद्याच्या दृष्टीने क्लब संपलाच नव्हता. प्रशासक गेल्यावर सभासदांनी तो बंद न करता चालू ठेवला. ब्रन्सविक स्ट्रीटच्या मैदानावर तेव्हा फिट्झरॉय रेड्स हा हौशी संघ खेळत होता. पूर्वीचा युनिव्हर्सिटी रेड्स. दोघांनी हातमिळवणी केली आणि २००९ मध्ये फिट्झरॉय व्हिक्टोरियन अमॅच्युअर फुटबॉल असोसिएशनमध्ये खालच्या विभागातून पुन्हा उतरला. ही संघटना १८९२ पासूनची. इथे खेळाडूला मानधन नाही.

याला कुणी अधोगती म्हणेल, मी म्हणणार नाही. पैशाच्या लीगमध्ये फिट्झरॉयला स्वतःचे मैदान टिकवता आले नाही. ते हौशी झाल्यावर परत मिळाले. आता तिथे क्लबच्या पुरुषांबरोबर महिलाही लाल-निळ्या जर्सीत खेळतात. सामना संपल्यावर गॅलरीतले जुने सभासद आणि वीस-बावीस वर्षांची पोरे मिळून क्लबचे गीत म्हणतात, फ्रान्सच्या राष्ट्रगीताच्या चालीवर.