कानाच्या पडद्याला ठिगळ कशाचे?

तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांच्या काळात डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी ठेवल्या गेल्या. कान मात्र बराच काळ उपेक्षित राहिला! फाटलेल्या पडद्याला ठिगळ लावण्याचे तंत्र १९५० च्या दशकात जर्मनीत रुळले. तेव्हा कातडी लावत. ती पुढे सोलवटे, कान वाहू लागे. मग कानावरच्या स्नायूचे पातळ अस्तर आले. ते कानामागच्या छेदातूनच मिळते, म्हणून आजही बहुतेक सर्जनांची पहिली पसंती त्यालाच. भोक मोठे असेल किंवा आधीचे ठिगळ निसटले असेल, तर कानाच्याच कूर्चेची चकती अधिक टिकते. ती ताठ, पण पातळ कापली तर ऐकू छान येते. आजीचे कोमट तेल मात्र बाटलीतच राहू द्या. आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे नाक जोरात शिंकरू नका, आतल्या हवेच्या दाबाने ठिगळ सरकते.